सुईत काय भरायचं

जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा विषय निघाला की मागोमाग बंदुकीचा विषय येतोच. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ओट्यावर, ऊसतोड चाललेल्या फडाच्या कडेला कुणीतरी हमखास विचारतं, कुठल्या रायफलीनं तो एका गोळीत पडेल? शिकारकथांवर वाढलेल्या पिढीला जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी नावानिशी आठवते. हलकी गोळी की जड, वेगवान की संथ, जनावराच्या अंगात फुलणारी की आरपार जाणारी, हा शिकाऱ्यांचा जुना वाद आहे. या दोन तालुक्यांत तो आजही जिवंत आहे. फरक इतकाच, की इथे नळीत बहुतेक वेळा शिसं नसतं. दोन-तीन मिलिलिटर औषध भरलेली सुई, म्हणजे डार्ट, असते, आणि ती निवडणाऱ्या माणसाला शिकाऱ्यापेक्षा जास्त गोष्टींचा विचार करावा लागतो.

हा विचार इथेच इतका का करावा लागतो, त्याचं उत्तर पाण्यात आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली, कालवे खाली उतरले आणि बाजरी-हरभऱ्याच्या रानात ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यातले. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. आत सावली, ओल आणि आडोसा; बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. मादी उसातच विते, पिल्लं उसातच वाढतात. त्या पिल्लांना भीमाशंकरचं जंगल ठाऊकही नसतं.

या पट्ट्यात बरीच वर्षं बिबट्यांवर काम केलेले एक पशुवैद्यक आहेत. वस्तीवरची माणसं त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणतात. वनखात्याचा फोन आला की ते गाडीत पेटी टाकतात खरी, पण पेटी उघडण्याआधी फोनवरच चार प्रश्न विचारून घेतात. जनावर कुठे आहे, मोकळं की कोंडलेलं? नर की मादी, केवढं? जवळ विहीर, कालवा, रस्ता काय आहे? आणि माणसं किती जमलीत? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी कमी सांगितलं जातं आणि दुसऱ्याचं नेहमी वाढवून. घाबरलेल्या माणसाला बिबट्या दुप्पट दिसतो. 'डॉक्टर, म्हशीएवढा आहे' असं सांगितलेली मादी तराजूवर पस्तीस किलोच्या आसपास भरते. पूर्ण वाढीचा नर साधारण पन्नास ते सत्तर किलोंचा, मादी तीस ते पंचेचाळीसची. हा फरक डोळ्यांनी, तोही टॉर्चच्या उजेडात ओळखता येणं ही निवडीची पहिली पायरी.

कारण औषध किलोवर मोजायचं असतं. बिबट्यासाठी भारतात वर्षानुवर्षं वापरलेली जोडी म्हणजे झायलाझिन आणि केटामिन. पहिलं गुंगी आणतं आणि स्नायू सैल करतं. दुसऱ्यानं जनावर भोवतालापासून तुटतं. अनिरुद्ध बेलसरे आणि विद्या अत्रेय यांनी जानेवारी २००३ ते एप्रिल २००८ या काळात बेशुद्ध केलेल्या ५५ रानटी बिबट्यांचा अनुभव २०१० मध्ये प्रसिद्ध केला. किलोमागे साधारण १.४ मिलिग्रॅम झायलाझिन आणि ५ मिलिग्रॅम केटामिन, हे त्यातलं प्रमाण. पण त्या अभ्यासातली सर्वांत उपयोगी गोष्ट डॉक्टरांच्या मते वेगळीच आहे. वजनाचा अंदाजच बांधता येत नसेल, तर ५० मिलिग्रॅम झायलाझिन आणि १५० मिलिग्रॅम केटामिन एवढ्यावर सुरुवात करायची. कमी पडलं तर वरून फक्त केटामिन, पन्नास-पंच्याहत्तर मिलिग्रॅमच्या टप्प्यानं. त्या ५५ जनावरांपैकी एकाच्याही जिवावर भुलीमुळे बेतलं नाही. गर्दी, अंधार, आरडाओरडा आणि अपुरी साधनं यांच्यात केलेलं हे काम आहे, हे लक्षात घेतलं की त्या आकड्यांचं मोल कळतं. पुस्तकातलं प्रमाण शांत दवाखान्यात बसवलेलं असतं. हे प्रमाण रानात बसवलेलं आहे.

मग हिशेब येतो आकारमानाचा, आणि नवख्या माणसाची गफलत इथेच होते. केटामिनची बाटली ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशीही मिळते आणि १०० चीही. झायलाझिन २० चंही असतं आणि १०० चंही. सौम्य बाटल्या घेतल्या तर तोच सुरुवातीचा डोस साडेपाच मिलिलिटर होतो; तीव्र घेतल्या तर दोन मिलिलिटरमध्ये बसतो. औषध तेवढंच, पण एका डार्टमधल्या द्रवाचं वजन दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. जड डार्ट लांब न्यायचा तर जोर वाढवावा लागतो, आणि जोर वाढला की आदळही वाढते. वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ताकद चौपट होते. पातळ हाडाच्या मादीला चुकीच्या जागी असा डार्ट बसला तर हाड मोडू शकतं, पोटात घुसला तर आतडं फुटू शकतं. म्हणून डॉक्टर तीव्र औषध आणि लहान डार्ट यांच्याच बाजूचे आहेत. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या नावानं ओळखलं जाणारं मिश्रण याच विचारातून आलं: कोरडं झायलाझिन केटामिनमध्येच विरघळवायचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम झायलाझिन आणि १०० मिलिग्रॅम केटामिन बसतं.

डार्टची रचना समजून घेण्यासारखी आहे. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा. सुईचं टोक बंद असतं, भोक बाजूला असतं आणि त्या भोकावर सिलिकॉनची बारीक नळी चढवलेली असते. सुई कातड्यात शिरली की ती नळी मागे सरते, भोक उघडं पडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. शेपटाला रंगीत झुपका असतो. तो डार्टला सरळ ठेवतो आणि डार्ट कुठे लागला ते लांबून दाखवतो. सुईला गळपट्टी असावी की नसावी, हीसुद्धा निवडच. गळपट्टी असली तर सुई औषध संपेपर्यंत अंगात टिकते, पण जनावर खाली पडल्यावर ती जपून काढावी लागते. साधी सुई लगेच गळते आणि कधी अर्धं औषध बाहेर सांडतं. मोकळ्यावरच्या बिबट्याला डॉक्टर गळपट्टीची वापरतात, पिंजऱ्यातल्याला साधी.

आता काडतूस. दारूवर चालणाऱ्या जुन्या डार्ट-बंदुकीत .२२ चं कोरं काडतूस घालतात. त्यात गोळी नसते, नुसती ढकलणारी दारू. ती कमी-जास्त कळावी म्हणून त्यांना रंग दिलेले असतात: तपकिरीपासून हिरवा, पिवळा, लाल असा जोर चढत जातो. रात्री बॅटरीच्या उजेडात हिरवं आणि पिवळं यांत घोटाळा होणं अगदी शक्य असतं, म्हणून निरनिराळे रंग निरनिराळ्या खिशांत ठेवायची शिस्त असावी लागते. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीत ही भानगड नाही. घड्याळासारख्या तबकडीवर दाब दिसतो, अंतर मोजायचं आणि त्या अंतराला ठरलेला दाब लावायचा. आवाजही कमी होतो. पिंजऱ्यातल्या किंवा खोलीत कोंडलेल्या जनावरासाठी यापेक्षाही सौम्य साधन म्हणजे ब्लोपाइप, नुसत्या तोंडाच्या फुंकरीवर चालणारी नळी. आठ-दहा मीटरच्या आत तिच्याइतकी सुरक्षित दुसरी वस्तू नाही. डॉक्टरांचा कल नेहमी या क्रमानं असतो: ब्लोपाइपनं भागत असेल तर बंदूक काढायची नाही, कमी दाबानं पोचत असेल तर जास्त लावायचा नाही, आणि तीस मीटरच्या पुढच्या बिबट्यावर डार्ट मारायचाच नाही, जवळ जायची वाट शोधायची.

लोकांना हे पटत नाही. सिनेमात सुई लागताच वाघ आडवा होतो. खरा बिबट्या आडवा व्हायला बऱ्यापैकी नेम लागला तरी पाच ते दहा मिनिटं घेतो, कधी जास्त. पाठीच्या चरबीत औषध गेलं, जनावर चिडलेलं असलं, रक्तात भीती उसळलेली असली तर वेळ आणखी लांबतो. त्या दहा मिनिटांत तो उठतो, धावतो, दिसेल त्याच्या अंगावर जातो किंवा दहा एकर उसात शिरतो. अर्धवट गुंगीतला बिबट्या उसात शोधणं हे या कामातलं सर्वांत धोक्याचं काम आहे. सरीत वाकून चालणाऱ्या माणसाला हातभर पुढचं दिसत नाही. डार्ट निवडताना खरी निवड असते ती या दहा मिनिटांची. ती कुठे जाणार आहेत, हे ठरल्याशिवाय घोडा दाबायचा नाही.

आंबेगावच्या पूर्व भागात एका वस्तीवर गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत बिबट्या शिरला होता. घरच्यांनी हिमतीनं बाहेरून कडी घातली होती. डॉक्टर पोचले तेव्हा पत्र्यावर पोरं चढलेली, मोबाइल उंचावलेले, चार गावांच्या गाड्या वाटेवर. 'डॉक्टर, मारा की लवकर, कशाची वाट बघताय?' असा सगळ्या बाजूंनी गलका. आत जनावर भिंतीला धडका देत होतं. डॉक्टरांनी पेटी बंदच ठेवली. आधी वनपाल आणि पोलीस पाटील यांना बरोबर घेऊन पत्रा रिकामा केला, मग अंगण, मग वाट. एका म्हाताऱ्या आजींनी शेवटी पोरांना नावानं हाका मारून मारून घरात घातलं, तेव्हा कुठे गलका थांबला. जनावर कोपऱ्यात जाऊन बसलं, श्वास संथ झाला. मग खिडकीच्या फटीतून ब्लोपाइपनं मांडीच्या मागच्या स्नायूत डार्ट बसला. बंदुकीचा विचारही करावा लागला नाही. गर्दी तशीच असती, तर तेच औषध, तोच नेम, आणि तरीही काही सांगता आलं नसतं. केंद्र सरकारनं एप्रिल २०११ मध्ये बिबट्या-माणूस संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही गर्दी आवरण्यावर भर आहे. कुठल्याही बंदुकीपेक्षा ही गोष्ट जास्त जीव वाचवते, आणि तिच्यासाठी परदेशातून काही मागवावं लागत नाही.

विहिरीचा मामला निराळा. या भागात कठडा नसलेल्या विहिरी खूप, आणि कुत्र्यामागे धावताना बिबट्या आत पडतो. तिथे भूल द्यायची नाही. गुंगी चढली की तो बुडणार. दोरानं खाट किंवा बाजलं खाली सोडायचं, जनावराला त्यावर टेकू द्यायचं, मग पिंजरा उतरवायचा. तो दमलेला बिबट्या बहुतेक वेळा आपणहून पिंजऱ्यात शिरतो.

डार्टची विद्या तशी जुनी नाही. १९५० च्या दशकात न्यूझीलंडच्या टिमारू गावचे औषधविक्रेते आणि पशुवैद्यक कॉलिन मर्डॉक यांनी लांबून इंजेक्शन देणारी बंदूक बनवली. एकदा वापरून टाकायची प्लास्टिकची सिरिंज हीसुद्धा त्यांचीच. त्याच सुमारास अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातली मंडळी हरणांवर प्रयोग करत होती. त्या काळात निकोटिनचे क्षार वापरले जात. पुढे सक्सिनिलकोलीन आलं. त्यानं जनावराचे स्नायू लुळे पडत, पण शुद्ध जात नसे. सगळं कळत असताना ते नुसतं हलू शकत नसे, आणि डोस थोडा जास्त झाला की श्वास थांबे. हे वाचल्यावर आजच्या औषधांची किंमत कळते. हत्ती-गेंड्यांसाठी वापरलं जाणारं एटॉर्फिन मात्र मांजराच्या कुळाला चालत नाही. म्हणून 'हत्तीला चालतं ते औषध द्या' हा आग्रह डॉक्टर ऐकूनही घेत नाहीत.

जनावर आडवं झालं की काम अर्धंच झालेलं असतं. केटामिनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यांत मलम आणि वर ओलं फडकं. झायलाझिननं उलटी होऊ शकते, म्हणून मान सरळ आणि तोंड किंचित खाली. उन्हाळ्यात ताप झपाट्यानं चढतो. थर्मामीटर ४० अंशांच्या पुढे जायला लागला की पोटावर, पंजांवर पाणी. शुद्धीवर आणायला योहिम्बिन किंवा अ‍ॅटिपामेझोल, पण ती झायलाझिनचाच असर उतरवतात. केटामिनला उतारा नाही. म्हणून उतारा द्यायची घाई केली तर जनावर नुसत्या केटामिनवर राहतं, झटके येतात, पिंजऱ्यात डोकं आपटून घेतं. घड्याळ बघत थांबायचं असतं, आणि भोवतालची माणसं 'उठत कसा नाही?' म्हणून अस्वस्थ होत असतात.

आणि तरीही रायफल लागते. ती नाकारणं हे ज्यांची मुलं गेली त्यांच्याशी अप्रामाणिकपणाचं होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुलं होती. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि कलम ११ प्रमाणे पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नसेल तेव्हाच मुख्य वन्यजीव रक्षक ठार मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. तसा आदेश निघाला. थर्मल ड्रोननं बिबट्याचा माग लागला. आधी डार्टच मारला गेला; तो चुकला, जनावर उलटलं, आणि सोबतच्या नेमबाजांनी गोळी झाडली. डार्टच्या मागे रायफल का उभी असते, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं.

त्या रायफलीत काय असावं, याचा वाद डॉक्टर नेमबाजांवर सोपवतात, पण एका मुद्द्यावर त्यांचं ठाम मत आहे. आपल्याकडे सैन्याची मापं नागरिकांना मिळत नाहीत. म्हणून भारतीय शिकारी-रायफल म्हटली की .३१५ किंवा .३०-०६. पहिलीची गोळी जड आणि संथ, दुसरीची कितीतरी वेगवान. साठ किलोच्या बिबट्याला दोन्ही पुरून उरतात. मग ठरवायचं कशावर? गोळी जनावरात थांबते की पलीकडे जाते, यावर. मऊ टोकाची गोळी अंगात फुलते आणि जोर तिथेच सोडते. पूर्ण धातूचं कवच असलेली आरपार जाते. आणि उसाच्या पलीकडे इथे कधीच नुसतं रान नसतं. ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात, कुणाचा तरी गोठा असतो, पाणी द्यायला रात्रीची थ्री-फेज वीज पकडून उभा असलेला शेतकरी असतो. हुकलेली रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. म्हणून नेमबाज उंचावर बसवावा, गाडीच्या टपावर, माळ्यावर, म्हणजे गोळी हुकली तरी मातीत शिरेल. काही जुनेजाणते बारा बोअरचा आणि एलजी छऱ्यांचा आग्रह धरतात. अगदी जवळून तो योग्यही आहे. पण अंतर वाढलं की छरे पसरतात, जनावर जखमी होऊन उसात जातं, आणि जखमी बिबट्या मागे ठेवणं हा त्या वस्तीवरचा मोठा अन्याय आहे.

पकडलेल्या बिबट्याचं पुढे काय, हा प्रश्न डार्ट भरतानाच पडायला हवा, असं डॉक्टरांना वाटतं. त्यामागे जुन्नरचाच अनुभव आहे. २००१ ते २००३ या काळात इथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतले काही दूरच्या जंगलांत सोडले गेले. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. या काळात ते सतरावर गेले. अनोळखी मुलुखात सोडलेलं जनावर परत फिरतं, वाटेत माणसाला सामोरं जातं, आणि त्याची जागा इथे दुसरं घेतं. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून जे बिबटे सांभाळतात, त्यांतले कितीतरी जन्मभर तिथेच राहणार आहेत. तिथल्या जागेला मर्यादा आहे. एक डार्ट म्हणजे अनेकदा एका जनावराची पुढची सगळी वर्षं.

म्हणूनच डॉक्टर नव्या वनरक्षकांना बंदूक हातात देण्याआधी सराव करून घेतात. डार्टमध्ये औषधाइतकंच पाणी भरायचं, उसाच्या पाचटाची गठडी बांधून बिबट्याएवढी करायची, वेगवेगळ्या अंतरांवर ठेवायची. प्रत्येक अंतराला कुठला दाब लागला ते वहीत. खऱ्या मोहिमेनंतर डार्ट शोधून आणायचा, आत किती औषध उरलं ते मोजायचं, जनावर किती मिनिटांनी बसलं आणि किती मिनिटांनी आडवं झालं ते लिहायचं. डार्ट न मारताच परत आलेल्या मोहिमाही त्याच वहीत असतात, कारणासकट: मादीजवळ पिल्लं होती, विहीर लागून होती, माणसं हटली नाहीत, अंधार पडला आणि जनावर आपणहून निघून गेलं. नवीन माणसाला वाचायला ते आधी हीच पानं देतात.